पी.टी.चा तास: शिक्षक आणि मुलांमध्ये परस्परांचा आदर कसा उभा करायचा, टप्प्याटप्प्यानं

जूनमध्ये शाळा उघडली की नव्या पी.टी. शिक्षकाला स्टाफरूममध्ये पहिला सल्ला मिळतो, "सुरुवातीला कडक राहा, मग हळूहळू सैल सोडा." बहुतेक जण तसंच करतात. शिट्टी, सरळ रांगा, कोणी बोललं की मैदानाला फेऱ्या. गणपतीपर्यंत हे चालतं. दिवाळीनंतर तीच मुलं शिट्टी ऐकून न ऐकल्यासारखं करतात, आठवीच्या निम्म्या मुली "पोटात दुखतंय" म्हणून झाडाखाली बसतात आणि शिक्षक म्हणतात, हल्लीच्या मुलांना आदर म्हणून राहिलेला नाही.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. आधी धाक बसवला की मुलं शिक्षकापासून लपायला शिकतात, आणि लपणाऱ्या मुलाशी नंतर विश्वासाचं नातं जोडणं फार अवघड जातं. त्यातून हा तास इतर तासांसारखा नाही. गणित चुकलं तर ते वहीत राहतं. इथे धावताना मागे पडलेलं, उडी न जमलेलं, वजन वाढलेलं, बूट फाटलेलं सगळं सगळ्यांना दिसतं. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा आहे: आजच्या तासात कोणाचं हसं होऊ शकतं, आणि ते मी आधीच कसं टाळू?

टप्पे दिलेल्या क्रमानंच घ्या. वर्षाच्या मधोमध सुरुवात करत असाल तरी टप्पा १ वगळू नका.

## टप्पा १: पहिल्या तासाआधीची तयारी

मैदान. शाळा उघडण्याच्या आठवड्यात संपूर्ण मैदान स्वतः पायी फिरून पाहा. उन्हाळ्यात मैदानावर लग्नाचे मांडव पडलेले असतात. खांबांचे खड्डे, खिळे, काचा मागे राहतात. ते साफ करून घ्या. पावसात पाणी कुठे साचतं ते बघून ठेवा आणि पाऊस आला तर वर्ग कुठे न्यायचा हे मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा. "आज पाऊस आहे, डोकं खाली ठेवून गप्प बसा" असे दोन-तीन तास गेले की या विषयाला किंमत नाही हे मुलांना कळून चुकतं.

साहित्य. मोजा. ६० मुलं आणि दोन फुटबॉल असतील तर भांडणं होणारच, त्यात मुलांचा दोष नाही. दोऱ्या, रिंगा, लगोरीच्या चकत्या, फक्की या गोष्टी फार महाग नाहीत. त्यांची मागणी एप्रिलमध्येच लेखी द्या. जून उजाडला की पैसा पाठ्यपुस्तकं, बाकं यांकडे जातो.

यादी. वर्गशिक्षकांमार्फत पालकांना एक साधी चिठ्ठी पाठवा: दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, अलीकडचं ऑपरेशन, कायमचं औषध. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल आवर्जून विचारा. अशा मुलाला वारंवार पाणी आणि विश्रांती लागते. उन्हात दमवून काढलं तर त्याला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याला "नाटक करतोय" म्हणणं जिवावर बेतू शकतं. दम्याच्या मुलाचा पंप दप्तरात वर्गात पडून राहू नये, तो मैदानावर यायला हवा. ही यादी तुमच्याच वहीत राहील, मॉनिटरच्या हातात जाणार नाही.

तास राखणं. याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. "दहावीचा पोर्शन राहिलाय, तुमचा तास द्या ना" असं कोणी म्हटलं की आपण भिडेखातर हो म्हणतो. मुलं वर्गात बसून बघत असतात. ज्या विषयाचा शिक्षक स्वतःचा तास सहज सोडून देतो, त्या विषयाला आणि त्या शिक्षकाला मुलांनी मान का द्यावा? जूनमध्येच मुख्याध्यापकांसमोर स्पष्ट करा की तास बदलून मिळणार असेल तरच द्याल, आणि बदलून मिळालेला तास घ्याच.

तपासा: पावसाची सोय ठरली? आजारांची चिठ्ठी सगळ्यांकडून परत आली? प्रथमोपचाराच्या पेटीत काय आहे ते उघडून पाहिलं? पाण्याचा नळ मैदानापासून किती लांब आहे? यातलं काही राहिलं असेल तर पहिला तास वर्गात घ्या.

## टप्पा २: पहिले दोन तास

पहिल्या तासात खेळ कमी, ओळख जास्त. मुलांना कोणत्या नावानं हाक मारलेली आवडेल ते विचारा आणि तीच हाक वापरा.

इथे दोन सवयी मोडायला हव्यात. पहिली, अंगावरून हाक मारणं: जाड्या, लंबू, काळ्या, चष्मिस. शिक्षकाच्या तोंडून एकदा आलेलं असं नाव त्या मुलाला दहावीपर्यंत चिकटतं, आणि शिक्षकानंच म्हटलं म्हणून बाकीच्यांना मोकळीक मिळते. दुसरी सवय आडनावानं हाक मारण्याची. "ए अमुक, इकडे ये" हे अंगवळणी पडलेलं असतं, पण आपल्याकडे आडनावावरून जात ओळखली जाते. मैदानावर तरी मुलाची ओळख त्याच्या पहिल्या नावानं असू द्या. ६० नावं एका तासात पाठ होत नाहीत. हजेरी घेताना चेहऱ्याकडे बघून नाव घ्या, रोज एका रांगेची नावं पक्की करा.

थांबण्याची खूण. नियमांच्या आधी ही शिकवा. एक लांब शिट्टी वाजली की जिथे असाल तिथे थांबायचं, हातातली वस्तू जमिनीवर ठेवायची, शिक्षकाकडे बघायचं. हे सांगून येत नाही, खेळातून येतं: मैदानभर चालायला सांगा, शिट्टी वाजवा, पुतळा व्हायला सांगा, मग धावताना, मग चेंडू हातात असताना. दुसऱ्या तासात पुन्हा. एकदा हे बसलं की वर्षभर घसा फोडावा लागत नाही. ओरडणाऱ्या शिक्षकाचा आवाज मुलांच्या कानाला सरावतो आणि मग तो ऐकूच येत नाही.

सावधान: शिट्टी पूर्ण वर्गासाठी असते. एका मुलाला बोलवायला ती वाजवू नका, आणि बोटानं "इकडे ये" अशी खूण करू नका. त्याच्यापर्यंत चालत जा.

नियम. चारपेक्षा जास्त नकोत. मुलांना गोल बसवून विचारा, "मैदानावर तुम्हाला कशाचा राग येतो?" उत्तरं ठरलेली येतात: ढकलणं, चिडवणं, चेंडू न देणं, बाद होऊनही बाहेर न जाणं. त्यांतूनच नियम काढा, त्यांच्याच शब्दांत. मग पुढचा प्रश्न विचारा, जो बहुतेक शिक्षक विचारत नाहीत: "आणि माझ्यासाठी काय नियम?" मुलं आधी गप्प बसतात, एकमेकांकडे बघतात. थांबा. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "सर, एकानं केलं तर सगळ्यांना शिक्षा नको." दुसरी म्हणते, "मॅडम, खेळाचे तास गणिताला देऊ नका." जे पाळता येईल तेच कबूल करा, पण कबूल केलेलं पाळा. हे नियम तक्त्यावर लिहून साहित्याच्या खोलीच्या दारावर लावा, मुलांचे वर, तुमचे खाली.

## टप्पा ३: तासाची आखणी, म्हणजे रिकामं बसणं संपवणं

दंगा कुठे होतो ते नीट पाहा. तो रांगेत थांबलेल्या मुलांत होतो. ६० मुलांच्या वर्गात एक खो-खोचा डाव लावला की नऊ जण पाठलागाला आणि तिघे पळतीला, म्हणजे १२ मुलं खेळतात. उरलेली ४८ बघत बसतात. कबड्डीत सातास सात, १४ खेळतात. ४८ मुलं २० मिनिटं शांत बसतील ही अपेक्षाच चुकीची, आणि ती पूर्ण झाली नाही म्हणून शिक्षा करणं त्याहून चुकीचं.

३५ मिनिटांच्या तासाची साधारण वाटणी अशी करा: मैदानावर येणं आणि हजेरी ५ मिनिटं, वॉर्म-अप ५, मुख्य खेळ २०, श्वास निवणं, साहित्य गोळा करणं आणि पाणी ५. मुख्य खेळासाठी वर्गाचे १२-१२चे पाच गट पाडा. दोन गट छोटा खो-खो खेळतील: खांबाऐवजी रोवलेल्या दोन काठ्या, पाच बसलेले, एक पाठलागाला, समोरचे सहा तिघा-तिघांच्या तुकड्यांत. एक गट लंगडीला, एक दोरीउड्यांना, एक लगोरीला. दहा-दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. जे आज राहिलं ते पुढच्या तासाला. फक्कीनं जागा आधी आखलेल्या हव्यात, मुलं आल्यावर आखत बसू नका.

तुम्ही मैदानाच्या कडेला उभे राहा, मधोमध नको. मध्ये उभं राहिलं की निम्मा वर्ग पाठीमागे जातो.

बाद होणाऱ्याचं काय? "बाद झाला तो बाहेर" या पद्धतीत सगळ्यांत कमकुवत मूल आधी बाहेर जातं आणि सगळ्यांत जास्त वेळ बसतं. ज्याला सरावाची गरज जास्त, त्यालाच खेळायला कमी मिळतं, आणि तेही सगळ्यांदेखत. स्पर्धेत नियम स्पर्धेचाच, पण तासाला तो बदला. लंगडीत बाद झालेला बाजूला जाऊन दहा दोरीउड्या मारून परत येईल. चेंडू लागलेला मुलगा समोरच्या संघात जाईल. एवढ्या बदलानं तासाचं वातावरण बदलतं, आणि झाडाखाली बसणाऱ्यांची संख्या कमी होते.

तपासा: तास चालू असताना कधीही थांबून मोजा, या क्षणी किती मुलं हलताहेत? निम्म्याहून कमी असतील तर आखणी बदला, मुलांना रागावू नका.

## टप्पा ४: गट पाडणं

दोन कॅप्टन पुढे उभे करायचे आणि आळीपाळीनं नावं घ्यायला लावायची, ही पद्धत बंद करा. शेवटी उरलेली दोन मुलं कोण हे दर आठवड्याला संपूर्ण वर्गाला माहीत असतं. त्या मुलांना "तू घे, तू घे" अशी ढकलाढकल ऐकावी लागते, आणि ती ऐकू देणारे आपण असतो. शाळा सोडून वीस वर्षं झालेली माणसंही आपण शेवटी उरायचो हे विसरलेली नसतात.

त्याऐवजी जन्ममहिन्यावरून, हजेरी क्रमांकाच्या सम-विषमवरून, किंवा एक-दोन-तीन-चार मोजून गट पाडा. मुलं मोजणीचा अंदाज घेऊन जागा बदलतात, म्हणून कधी कधी मोजून झाल्यावर "एक आणि तीन एकत्र" असं सांगा. ताकद सारखी हवी असेल तर तुम्ही घरून यादी करून आणा आणि त्यामागचा हिशेब मुलांना सांगू नका. गट महिनाभर तेच ठेवलेले बरे. रोज बदलले तर एकमेकांसाठी खेळण्याची सवय लागत नाही.

मुलगे आणि मुली वेगळे काढायचे की एकत्र? सातवीपर्यंत एकत्र खेळवायला हरकत नाही. पुढे कबड्डीसारखे अंगाला अंग भिडणारे खेळ वेगळे घ्या. लगोरी, बॅडमिंटन, रिले एकत्र चालतात. मैदानाचा मोठा भाग मुलग्यांच्या क्रिकेटला आणि भिंतीकडेची पट्टी मुलींना, हे मात्र कधीही होऊ देऊ नका. आठवड्याआड जागा बदला.

## टप्पा ५: शरीराचा मान

बाकी सगळं जमलं आणि इथे चुकलं, तर उभारलेलं सगळं कोसळतं. सावकाश वाचा.

उंची-वजन आणि क्षमता चाचण्या. वर्षातून दोनदा आपण वजनकाटा मांडतो, एक मॉनिटर आकडा मोठ्यानं सांगतो, दुसरा लिहितो, आणि रांगेतले सगळे ऐकतात. हे थांबवा. काटा भिंतीकडे तोंड करून ठेवा, रांग चार-पाच मीटर मागे, एका वेळी एकच मूल काट्यापाशी, आकडा तुम्ही वाचायचा आणि तुम्हीच लिहायचा, तोंडातून काढायचा नाही. मुलानं विचारलं तर त्यालाच वहीत दाखवा. "कमी खा हं" किंवा "घरी जेवायला देत नाहीत का" यातलं काहीही बोलायचं नाही. काळजी वाटण्यासारखं काही दिसलं तर पालकांशी बोला, तेही वर्गाबाहेर.

खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांत ६०० मीटर धावणं असतं. सगळ्यांना एकदम सोडलं की शेवटचं मूल एकटं धावत येतं आणि वर्ग टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या चांगल्या मनानं वाजलेल्या असल्या तरी त्या मुलाला काय ऐकू येतं ते त्यालाच विचारून पाहा. आठ-आठच्या तुकड्या अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं सोडा आणि बाकीच्यांना त्याच वेळी ५० मीटर, पुढे वाकणं किंवा पोटाच्या व्यायामाची चाचणी द्या. मग कोण पहिलं, कोण शेवटचं ते कोणाच्या लक्षात राहत नाही. निकाल फळ्यावर लावू नका. प्रत्येकाला त्याचा मागचा आणि आताचा आकडा कागदावर द्या, तेवढं पुरे.

कपडे आणि बूट. पांढरे बूट नाहीत म्हणून मुलाला रांगेबाहेर काढण्याआधी दोन गोष्टी पाहा: घरात दोन भावंडांत एक जोड आहे का, आणि बूट धुतलेले ओले आहेत का. विचारायचं असेल तर बाजूला घेऊन विचारा. अनवाणी मुलाला जमेल असा खेळ द्या. मैदान तापलेलं असेल तर सावलीतला. शाळेच्या मदत निधीतून किंवा माजी विद्यार्थ्यांकडून बूट मिळवता येतात, पण ते सगळ्यांसमोर वाटू नका.

पाळी. मुलीला पुरुष शिक्षकापुढे कारण सांगावं लागू नये. जूनमध्येच सगळ्या वर्गाला एकदा सांगा: "ज्या दिवशी कमी व्यायाम करायचा असेल त्या दिवशी 'आज गुणलेखन करते' एवढंच सांगायचं, मी कारण विचारणार नाही." ही सवलत मुलग्यांनाही द्या, म्हणजे कोणी ती घेतली म्हणून माना वळत नाहीत. गैरफायदा घेणारी एक-दोन मुलं निघतील. ती सहन करा. त्यांच्यासाठी बाकीच्यांना प्रश्न विचारायला लागलात तर ही सोय उरतच नाही. आणि गुणलेखन हे खरं काम हवं, कागद-पेन हातात, निकाल त्या मुलीच्या तोंडून.

स्पर्श. व्यायाम आधी स्वतः करून दाखवा, मग तोंडी सांगा, मग चित्र दाखवा. एवढं करून हात लावायची वेळ क्वचितच येते. आलीच तर आधी विचारा, "खांदा धरून दाखवू का?" आणि "नको" आलं तर लगेच थांबा, चेहऱ्यावर नाराजी न आणता. कोलांटउडीसारख्या प्रकारांत आधार द्यावा लागतो. तो कुठे आणि कसा देणार ते संपूर्ण वर्गाला आधी दाखवा. साहित्याच्या खोलीत एका मुलासोबत दार लावून थांबू नका. या सवयी मुलांना सुरक्षित ठेवतात आणि तुम्हालाही.

सावधान: एखाद्या मुलानं किंवा मुलीनं कोणाच्या वागण्याबद्दल तुम्हाला काही सांगितलं, तर "बघू, मी बोलतो त्यांच्याशी" म्हणून ते आपल्यापाशी ठेवू नका. शांतपणे ऐका, खोदून प्रश्न विचारू नका, सांगितलंस ते बरं केलंस एवढं म्हणा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेचं नाव खराब होईल ही सबब तिथे चालत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक साहित्याच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा.

## टप्पा ६: कोणी चुकलं तर

आधी काय करायचं नाही ते. फेऱ्या, उठाबशा, कोंबडा, उन्हात उभं करणं, सगळ्या रांगेला शिक्षा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. पण कायदा नसता तरी व्यायामाची शिक्षा करणं आपल्याच मुळावर येतं. धावणं चांगलं म्हणून शिकवायचं आणि चुकलास म्हणून धावायला लावायचं, हे एकाच तोंडानं कसं सांगणार?

त्याऐवजी पायऱ्या ठरवा आणि मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा:

१. जवळ जाऊन उभं राहणं. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.
२. हळू आवाजात, त्यालाच ऐकू येईल असं, नाव घेऊन एक वाक्य.
३. दोन-तीन मिनिटं बाजूला बसणं, आणि परत कधी यायचं हे त्यानं स्वतः ठरवणं.
४. तास संपल्यावर एकट्याशी, पण उघड्यावर, बोलणं.
५. वर्गशिक्षक आणि मग पालक.

पायरी ओलांडून एकदम पाचवीवर जाऊ नका. मारामारी किंवा इजा झाली तरच अपवाद.

तिसऱ्या पायरीवर बोलायचं कसं, ते जरा जवळून पाहू. नववीतला मुलगा चेंडू न मिळाल्यावर दुसऱ्याला आईवरून शिवी देतो. सगळे तुमच्याकडे बघतात. "लाज वाटते का? हेच शिकवतात का घरी?" हे वाक्य ओठांवर येतं. ते आलं की मुलगा आपल्या घराची बाजू घ्यायला उभा राहतो आणि शिवी बाजूला पडते. त्याऐवजी जवळ जा, आवाज खाली: "शिवी ऐकली मी. राग कशाचा आला ते नंतर ऐकतो. आत्ता कठड्यावर बस, डोकं शांत झालं की ये." आणि वळून खेळाकडे बघा. तो बसतो की नाही याकडे टक लावून बघू नका, त्याला बसायला जागा राहू द्या. तासानंतर आधी त्याचं ऐकून घ्या, मग विचारा, "त्याला आता काय सांगशील?" माफी जबरदस्तीनं मागायला लावू नका. दुसऱ्या दिवशी मागितली तरी चालेल.

तुम्ही चुकलात तर? चुकीच्या मुलाला रागावलात, निर्णय चुकला, आवाज चढला. रागावलात सगळ्यांसमोर, तर माफीही सगळ्यांसमोर: "काल मी तुला बोललो, तू नव्हतास. चुकलं माझं." त्याला "पण तू पण" असं शेपूट जोडू नका. मुलांसमोर माफी मागितली की वचक जातो, असं जुने सहकारी सांगतील. नवव्या-दहाव्या इयत्तेतल्या मुलांसोबत करून पाहा आणि पुढचा तास कसा जातो ते बघा.

तपासा: महिन्याच्या शेवटी वही काढून बघा, रागावलेली नावं कोणाची? तीच पाच-सहा येत असतील तर प्रत्येकाला आठवड्यातून एकदा, काही चुकलेलं नसताना, दोन वाक्यं बोला. अभ्यासाचं नको, सल्ला नको. "काल मॅच बघितलीस का?" एवढं पुष्कळ.

## टप्पा ७: शाळेच्या संघातली मुलं आणि बाकीचे

शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत तालुक्यापासून राज्यापर्यंत चालतात. पाऊस सुरू झाला की आपला जीव त्या १२ मुलांत अडकतो. शाळेला चषक हवा असतो, मुख्याध्यापकही तोच विचारतात. मग तासाला संघ सराव करतो आणि बाकी वर्ग बघतो. असं एक वर्ष झालं की वर्गाला कळतं, सरांना आपल्यात रस नाही. संघाचा सराव शाळेआधी किंवा नंतर घ्या, तासाला संघातला मुलगा इतरांसारखाच.

त्याला पोलीसही करू नका. "तू बघ रे यांच्याकडे" म्हणून काठी-शिट्टी त्याच्या हातात दिली की तो तुमच्या नावानं दमदाटी करतो, आणि ती तुमच्याच खात्यावर जमा होते. त्याला शिकवायला लावा: दोन नव्या मुलांना खो द्यायची पद्धत दाखव, पाठीमागून, हात लावून, "खो" मोठ्यानं म्हणून. जो चांगलं शिकवतो त्याचं कौतुक करा.

## टप्पा ८: मुलांनी काय द्यायचं

आत्तापर्यंतचं सगळं शिक्षकानं करायचं होतं. मुलांकडूनही काही मागायला हवं, आणि ते दिवाळीच्या आसपास, आधी नाही.

सगळ्यांत उपयोगी पडतं ते मुलांना पंच करणं. आळीपाळीनं प्रत्येकाला शिट्टी द्या, खेळण्यात मागे असलेल्यांनाही. पंचाचा निर्णय चुकला तरी तुम्ही तो फिरवायचा नाही. खेळ झाल्यावर त्याच्याशी बोला. ज्यानं एकदा चढाईत रेषेला पाय लागला की नाही यावर दोन्ही बाजूंचा आरडाओरडा सोसला, तो पुढच्या वेळी तुमच्याशी वाद घालताना थोडा थांबतो. शिवाय साहित्य मोजून परत ठेवणं, फक्की आखणं, तास सुरू व्हायच्या आधी पाण्याची व्यवस्था बघणं ही कामं गटांना महिनाभर वाटून द्या. शिक्षा म्हणून ही कामं कधीही देऊ नका.

बाई पी.टी. शिक्षिका असतील तर एक गोष्ट सहकाऱ्यांनी लक्षात ठेवावी. नववी-दहावीचे मुलगे त्यांना पहिल्या महिन्यात हमखास जोखून पाहतात. अशा वेळी एखादे सर धावत मैदानावर येतात आणि दरडावून मुलांना गप्प करून जातात. हेतू चांगला असतो, पण त्या दिवसापासून मुलं धरून चालतात की बाईंचं ऐकायचं नसतं, सर येईपर्यंत चालवून घ्यायचं असतं. बाईंनी बोलावलं तरच जा, आणि गेलात तर बाजूला उभे राहा. बोलणं बाईंनाच करू द्या.

## टप्पा ९: दिवाळीच्या सुट्टीआधीची तपासणी

कागदाचे छोटे तुकडे द्या, नाव न लिहिता तीन प्रश्नांची उत्तरं मागा: या तासात तुला कधी लाज वाटली का, केव्हा? कोणता खेळ पुन्हा हवा? मी काय थांबवावं? पाचवी-सहावीच्या मुलांसाठी पहिला प्रश्न "तुला कधी वाईट वाटलं?" असा करा. चिठ्ठ्या डब्यात टाकायला लावा, अक्षरावरून कोणाची ते शोधू नका, वर्गशिक्षकांना दाखवू नका.

घरी जाऊन वाचा. काही चिठ्ठ्यांवर फक्त "क्रिकेट" लिहिलेलं असेल, काहींवर चित्रं असतील, दोन-चार वाचून वाईट वाटेल. उत्तरं देण्याच्या मोहात पडू नका. एकाहून अधिक चिठ्ठ्यांत आलेली एक गोष्ट निवडा, जी सुट्टीनंतरच्या पहिल्याच तासाला बदलता येईल. त्या तासाच्या सुरुवातीला सांगा, "चिठ्ठ्या वाचल्या. यापुढे वॉर्म-अपला शेवटी येणाऱ्याचं नाव मी घेणार नाही," किंवा जे काही असेल ते, आणि लगेच खेळ सुरू करा. पुढचे तीन-चार आठवडे ते शब्दशः पाळा, कारण या काळात वर्गातली दोन-तीन मुलं मुद्दाम शेवटी येऊन बघणार आहेत.